देवाशी धरलेला अबोला : अनुभव धागा

सर्वांना सलाम.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, उपासना संपवून घरी परतताना दर वर्षी माझ्या मनात एकच विचार येतो. आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चच्या समुदायांमध्ये) साक्ष देण्याची रीत जुनी आहे, परंतु ती साक्ष बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघते : पूर्वी मी अमुक होतो, मग प्रभू भेटला आणि त्या दिवसापासून सारे बदलले. अशा साक्षींवर माझा अविश्वास नाही. मात्र आपल्यापैकी पुष्कळांचा जन्मच ख्रिस्ती घरात झाला, शब्बाथ शाळेतली (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली) वचने तोंडपाठ झाली आणि तरीही आयुष्याच्या मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर देवाशी बोलणे बंद पडले. घरातल्या दोन माणसांनी अबोला धरावा, ताटे वेळेवर वाढली जावीत, पाहुण्यांसमोर हसणेही व्हावे आणि एकमेकांशी मात्र अवाक्षर काढू नये, तसाच हा प्रकार असतो. चर्चला जाणे सुटत नाही, वर्गणी थकत नाही. फक्त बोलणे नसते. हा धागा त्या अबोल्याविषयी आणि तो कसा सुटला याविषयी आहे.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे सांगण्यासाठी मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण देते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन तोवर सुरू झालेले होते आणि त्यांचे नाव देशाबाहेरही पोचले होते. एवढ्या बाईला जर आठ वर्षे लागली, तर आपण आपल्या वर्षांचा हिशेब मांडायला कचरण्याचे कारण नाही.

काही विनंत्या आहेत. धर्मांतर योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. प्रार्थनेने आजार बरा झाल्याचे दावेही नकोत. त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. कोणत्याही व्यक्तीचे वा मंडळीचे नाव घेऊ नये. आणि "मला शांती मिळाली" एवढे लिहून थांबू नये. ती मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय वेगळे झाले, तेही लिहावे.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना अपघातात गेला. त्यानंतरची अकरा वर्षे मी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवत होते, नाताळची नाटके बसवत होते, आणि त्या अकरा वर्षांत मी एकदाही स्वतःची म्हणून प्रार्थना केली नाही. मुलांसमोर हात जोडून जी प्रार्थना म्हणायची ती म्हणत असे. घरी आल्यावर मात्र माझे आणि देवाचे काही देणेघेणे नसे. सांत्वनाला येणारी माणसे "देवाची इच्छा" म्हणत, तेव्हा मी मान हलवीत असे आणि मनात म्हणत असे, की इच्छा त्याची होती ना, मग आता त्याच्याशी बोलायचेच कशाला?

आमच्या मंडळीत एक वयस्कर बाई होत्या. पूर्वी गावोगाव फिरून बायकांना वचन वाचून दाखवण्याचे काम त्यांनी केले होते. एका दुपारी त्या घरी आल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसल्या आणि त्यांनी मला स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचायला लावले. मी शिक्षिका असूनही ते स्तोत्र कधी शेवटपर्यंत वाचलेले नव्हते. बहुतेक विलापाची स्तोत्रे रडत सुरू होतात आणि शेवटी स्तुतीकडे वळतात. तेरावे स्तोत्र तसेच आहे. हे स्तोत्र वळतच नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, हे पण पवित्र शास्त्रातच आहे. गप्प बसू नका, भांडा त्याच्याशी. नवऱ्याशी भांडते ती बाई संसार मोडत नाही. बोलणे टाकते तिचा मोडतो."

त्या रात्री मी भांडले. काय बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही, आणि त्याला मी प्रार्थना म्हणेन का, हेही ठाऊक नाही. पण अकरा वर्षांनी मी त्याला "तू" म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी काय वेगळे झाले, असे आपण विचारले आहे. सकाळी मी मुलाची सायकल पुसली. ती अकरा वर्षे जिन्याखाली गोणपाटाने झाकून ठेवलेली होती. पुसली, हवा भरून आणली आणि शेजारच्या मुलाला दिली. दुःख गेलेले नाही. आजही नाताळात घशाशी येते. परंतु ज्याच्याकडे तक्रार करायची तो समोर आहे, एवढे आता मला पक्के कळले आहे.

परिचारिका, मूळ गाव मिरजेजवळ

माझा अबोला रागातून आला नव्हता. भीतीतून आला होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, रात्रपाळीत, माझ्या हातून एका रुग्णाला इन्सुलिनचा डोस दोनदा गेला. पहिल्या डोसची नोंद करायची राहिली होती आणि नंतर मीच तो पुन्हा दिला. पहाटे रुग्णाची साखर एकदम खाली आली, धावपळ झाली, ग्लुकोज लावले आणि ते गृहस्थ सावरले. कारण विचारले तेव्हा मी म्हणाले, की रात्री त्यांनी जेवण नीट घेतले नव्हते. तेही खरेच होते, आणि म्हणूनच ते खोटे जास्त चांगले खपले.

त्यानंतर प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी मी मुद्दाम ड्यूटी मागून घेऊ लागले. मंडळीत सगळ्यांना वाटे, की पोरगी किती कष्टाळू आहे. "योग्यता नसताना जो खातो-पितो" हे बायबलमधले प्रेषित पौलाचे शब्द मला लहानपणापासून माहीत होते आणि मी ते माझ्याविरुद्धच्या निकालासारखे वाचत होते. चार वर्षे हे चालले.

एका रविवारी ड्यूटी बदलली गेली आणि मी नाइलाजाने चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. सर्वांनी मिळून पापांगीकार म्हणायला सुरुवात केली. ती प्रार्थना मी हजार वेळा म्हटली असेन. त्या दिवशी प्रथमच माझ्या कानावर आले, की पुढच्या रांगेतले डॉक्टर, त्यांच्या बाजूच्या वकीलबाई, पाळकसाहेब स्वतः, सगळेच एका आवाजात "आम्ही पाप केले आहे" म्हणत आहेत. मला वाटत होते, की त्या खोलीत मी एकटीच गुन्हेगार आहे. नंतर पाळकांनी योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन वाचले, की आपण पापे कबूल केली तर तो विश्वासू व न्यायी आहे म्हणून क्षमा करील. क्षमा करणारा दयाळू असतो, हे समजते. तो न्यायी असल्यामुळे क्षमा करतो, हे काय, या प्रश्नाने मला आठवडाभर झोप लागू दिली नाही. पाळकीणबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की दंड एकदा भरला गेला असेल, तर तोच दंड दुसऱ्यांदा मागणे न्यायाला धरून होत नाही. मी पुस्तकातले उत्तर मागितले नव्हते, पण हे उत्तर मला पुरले.

पुढच्या सोमवारी मी इन्चार्ज सिस्टरना सर्व सांगितले आणि लिहूनही दिले. मेमो मिळाला, काही महिने औषधवाटपाच्या कामावरून मला दूर ठेवण्यात आले. तो मेमो हातात घेऊन जिना उतरताना मी कित्येक वर्षांनी गुणगुणत होते, हे मला दुसऱ्या मजल्यावर आल्यावर लक्षात आले. आता नव्या मुलींना शिकवताना मी आधी नोंद आणि मग पुढचा रुग्ण, हे पहिल्याच दिवशी सांगते, आणि का सांगते तेही सांगते.

संगणक अभियंता, पुणे. घराणे जालना जिल्ह्यातले

माझा अनुभव काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. माझ्या पणजोबांच्या पिढीत आमच्या वस्तीतली बरीच घरे ख्रिस्ती झाली. घरात बायबल, भिंतीवर वचनाचे कॅलेंडर, रविवारी उपासना. आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र हिंदू आणि पुढे आमची जुनी जात. याचे कारण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. गावकुसाबाहेरचे घर बाप्तिस्म्याने गावात येत नाही, विहिरीवरची वागणूक बदलत नाही, पण सवलत मात्र जाते. म्हणून कागदावर एक आणि घरात एक, असे आमचे आयुष्य होते.

महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझ्या गळ्यातला लहानसा क्रूस पाहिला आणि विचारले, "ख्रिश्चन आहेस काय रे?" मी "नाही" म्हणालो. क्रूस मित्राचा आहे, असेही सांगितले. प्रवेश मिळाला, नोकरी मिळाली, पुण्यात घर झाले. पण त्या खिडकीपाशी माझी आणि प्रभूची जी गाठ सुटली ती सुटलीच. ज्याला ओळख दाखवली नाही त्याच्यापुढे रात्री कोणत्या तोंडाने बसायचे?

येशूला अटक झाल्यावर त्याचा शिष्य पेत्र याने आपण त्याला ओळखत नाही असे म्हणत तीन वेळा नाकारले, ही गोष्ट मला पाठ होती, परंतु ती मी कोंबडा आरवतो तिथपर्यंतच वाचत असे. गेल्या वर्षी आमच्या घरगुती प्रार्थनासभेत योहानाचा एकविसावा अध्याय चालला होता, तेव्हा एका ताईंनी सहज दाखवून दिले, की ज्या अंगणात पेत्राने नाकारले तेथे कोळशाचा विस्तव होता आणि पुनरुत्थानानंतर तलावाच्या काठी प्रभूने मासळी भाजली तोही कोळशाचाच विस्तव होता. त्याच वासात, त्याच उबेत, प्रभूने त्याला तीनदा विचारले, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" पण त्याआधी त्याला जेवू घातले. "तू असे का केलेस?" हा प्रश्न त्या अध्यायात कुठेच नाही. मी दोन-तीनदा शोधला.

माझा कागद अजून तसाच आहे. तो बदलावा की नाही, यावर माझ्या घरातच दोन मते आहेत, आणि ज्यांनी हे सोसलेले नाही त्यांनी या बाबतीत आम्हांला घाईघाईने उपदेश करू नये, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. पण आता रात्री बसतो. प्रभूला ती खिडकी, तो कारकून आणि तो आदेश, सगळे माहीत आहे, हे धरून बोलतो. कार्यालयात कोणी विचारले तर आता "हो" म्हणतो.

विद्यार्थी, मुंबईतील वसतिगृहातून

मला अजून शांती वगैरे काही मिळालेली नाही. आई फोनवर रोज विचारते, "प्रार्थना केलीस ना?" आणि मी रोज "हो" म्हणतो. वरचे तिन्ही अनुभव वाचले. इतकेच लिहायचे होते.

धागा सुरू करणारी

आपण लिहिलेत, हे फार बरे झाले. आईला उद्या खरे उत्तर दिलेत तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. येथे पुन्हा लिहिण्याची सक्ती नाही.

निवृत्त पाळक, कोल्हापूर जिल्हा

मी पस्तीस वर्षे उपदेशपीठावरून उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर (धाकटा मुलगा संपत्ती उधळून परततो आणि बाप त्याला जवळ घेतो, ही येशूने सांगितलेली गोष्ट) बोललो. किती वेळा बोललो, याची गणती नाही, कारण तो दाखला लोकांना आवडतो आणि उपदेशकाची तयारीही फारशी लागत नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा मी तो श्रोता म्हणून बाकावर बसून ऐकला आणि मला कळले, की मी त्यातला थोरला मुलगा आहे. जो घर सोडून गेला नाही, शेतात राबत राहिला, आणि ज्याला आपल्या बापाशी काय बोलावे, हे कधी कळलेच नाही. त्याचे पहिले वाक्य आठवावे : मी इतकी वर्षे तुमची चाकरी करीत आहे. मुलगा बापाला पगाराचा हिशेब सांगतो आहे! माझ्या सगळ्या प्रार्थना त्याच सुरातल्या होत्या. मंडळीसाठी, आजाऱ्यांसाठी, इमारत निधीसाठी. माझ्यासाठी अशी एकही नव्हती, कारण मी स्वतःला नोकर समजत होतो आणि नोकराने स्वतःसाठी मागायचे नसते.

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल 'समेट' हा शब्द पुनःपुन्हा वापरतो. मूळ ग्रीक शब्द 'कातालागे' हा अदलाबदलीवरून आलेला आहे. वैराच्या जागी मैत्री येते. सेमिनरीत मी त्यावर निबंध लिहिला होता आणि चांगले गुण मिळवले होते. तेथे लक्षात न आलेली गोष्ट अशी, की पौल कुठेही देवाचा राग घालवा, असे म्हणत नाही. समेट देवानेच करून ठेवला आहे, तुम्ही तो घ्या, अशी तो हात जोडून विनवणी करतो. दाखल्यातला बापही धाकट्यासाठी धावत गेला, तसाच थोरल्यासाठीही अंगणाबाहेर आला. आणि थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही.

सध्या मी सकाळी साडेपाचला उठून ओसरीवर बसतो. यादी घेत नाही. ना. वा. टिळकांचे एखादे भजन आठवले तर म्हणतो, नाही तर नुसता बसतो. सौभाग्यवती म्हणते, की माझे घोरणे कमी झाले आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, ते तिलाच विचारावे.

शेतकरी, वसई

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे अबोला सुटण्याची जागा ठरलेली आहे : पापनिवेदनाची जाळी, जिच्याआड बसलेल्या धर्मगुरूला आपली पापे सांगायची असतात. मी तिकडे बावीस वर्षे फिरकलो नव्हतो. कारण एकच होते आणि ते मला चांगले माहीत होते. वडील गेल्यानंतर वाडीच्या वाटणीच्या वेळी मी मोठ्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा असतो, हे मला वकिलाने सांगितले होते. तिला कोणी सांगितले नव्हते. "आईच्या औषधपाण्यासाठी कर्ज काढायचे आहे, त्याची ही कागदपत्रे आहेत," असे मी तिला म्हणालो. तिने चष्मासुद्धा लावला नाही. पुढे वाडीच्या निम्म्या जागेवर इमारत उभी राहिली. रविवारची मिस्सा (उपासना) मी चुकवली नाही, पण ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, वेळी बाकावरच बसून राहत असे. विचारणाऱ्याला पोटाचे कारण सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी पवित्र आठवड्याआधी बाहेरगावचे एक वयस्क धर्मगुरू पापनिवेदन ऐकायला आले होते. ते मला ओळखत नाहीत, एवढ्याच धीरावर मी रांगेत उभा राहिलो. गुडघे टेकले आणि चोरी, वासना, दारू अशी सगळी यादी आधी सांगून टाकली, म्हणजे मुख्य गोष्ट त्यात लपून जाईल. ती सांगून झाल्यावर आतून काही क्षण आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, "बहीण हयात आहे का?" मी हो म्हणालो. "किती लांब राहते?" मी म्हणालो, सायकलने दहा मिनिटे. ते म्हणाले, "देव तुला क्षमा करतो, याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. पण तिचे जे आहे ते तिच्याकडे गेले पाहिजे, आणि ते दहा मिनिटांचे काम आहे." नंतर त्यांनी पापमुक्ती दिली. बाहेर आल्यावर माझे गुडघे थरथरत होते, पण छातीवरचे जड काहीतरी खरोखर उतरलेले होते. त्या रात्री मी ख्रिस्तप्रसाद घेतला.

दहा मिनिटांच्या कामाला मला आणखी तीन आठवडे लागले. बहीण मागच्या अंगणात सुकेळी वाळत घालत होती. राजेळी केळी सोलून, कारवीच्या मांडवावर ओळीने मांडून ती वरून जुने लुगडे अंथरत होती, जशी आमची आई अंथरायची. मी उभ्याउभ्याच सांगितले. इमारतीतली एक खोली तिच्या नावे करण्याचे कागद बरोबर नेले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. शेवटचे केळे मांडून झाल्यावर ती म्हणाली, "मला त्या वेळीच कळले होते." एवढेच. मग तिने कागद घेतले, या वेळी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि आत नेऊन ठेवले. चहा विचारला नाही.

देवाशी माझा समेट झाला, याविषयी माझ्या मनात आता संशय नाही. रात्री झोप लागते आणि वाडीत एकटा असलो, की आपोआप रोझरी सुरू होते. बहिणीचे मात्र तिच्या गतीने चालले आहे आणि त्यात घाई करण्याचा अधिकार मला नाही. मागच्या रविवारी ती माझ्या पुढे दोन बाक सोडून बसली होती. शांतिचिन्हाच्या वेळी सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात, तशी तीही मागे वळली आणि तिने हात जोडले. माझ्या शेजारी आमची काकी उभी होती, त्यामुळे तो नमस्कार काकीला होता की मला, ते मला कळले नाही. मी दोन्ही हात जोडून उभा राहिलो, ती पुन्हा वेदीकडे वळेपर्यंत.